एकटीने काशी
सोलापूरहून एकटीने काशीला जावं का, असं ताईंनी विचारलंय. बिनधास्त जा! मुक्काम अस्सी घाटाकडे बघा, गोदौलिया चौकाच्या गर्दीत बॅग ओढत फिरणं नको. विश्वनाथाच्या देवळात मोबाईल नेऊ देत नाहीत. तो खोलीवरच ठेवा, म्हणजे 'लॉकर फुकट, फक्त प्रसाद घ्या' म्हणणारे दुकानदार टळतात. आजचं देऊळ १७८० चं, अहिल्यादेवींनी बांधलेलं. आपल्या सोलापूर विद्यापीठाला नाव त्यांचंच. पहाटे अस्सीहून दशाश्वमेधपर्यंत घाटाघाटाने चालत जा (पावसाळ्यात नाही, पायऱ्या पाण्याखाली असतात). नावेचा भाव बसण्याआधी ठरवा. मणिकर्णिका या स्मशानघाटावर चितेच्या लाकडांसाठी दान मागत कुणी मागे लागलं तर थांबू नका, फोटोही काढू नका. आणि कडक भाकरी, शेंगाचटणी घ्याच. तिकडच्या कचोरीवर आपलं पोट फार दिवस निभत नाही.