घेवड्याला पाला भरपूर, शेंगा मात्र नाहीत. द्रवखत चुकतंय का?

रानवाट: झुडपी घेवडा, पेरून 40 दिवस झालेत. दर पाच दिवसांनी मुळाशी जिवामृत सोडतोय (200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती). शिवाय लिटरला 100 मिली गोमूत्राची फवारणी. पाला हिरवागार आहे, पण फुलं गळतात आणि पानांच्या कडा करपल्यात. प्रमाण वाढवू का?

मुळारंभ: वाढवू नका, थांबवा. पाल्याचा माज आणि शेंगांची टंचाई, ही जादा नत्राची खूण. आधी मुळं बघा. झाड उपटू नका, मुळांवरच्या हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने बाजूने मोकळं करून काढा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसत नाही.

घेवडा मुळात चवळी-सोयाबीनइतकं नत्र स्वतः धरत नाही, म्हणून सुरुवातीला थोडं द्यावंच लागतं. पण ते पहिल्या 20-25 दिवसांत, दोन पाळ्या पुरे. पुढच्या वेळी बियाण्याला घेवड्याचंच रायझोबियम (मुळांवर गाठी बनवणारे जिवाणू) चोळा. सोयाबीनचं चालत नाही.

फुलगळीचा सगळा दोष खतावर टाकू नका. दुपारी पारा 32-35 अंशांवर गेला किंवा फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला, तरी फुलं झडतात.

ओलावा: कडा करपल्यात त्या क्षारांमुळे. घेवडा क्षाराला फार नाजूक आहे, आणि पानावरचं पाणी उडालं की गोमूत्रातले क्षार तिथेच साचतात. 100 मिली जास्तच झालं. लिटरला 20-30 मिली, तेही ऊन उतरल्यावर. आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस वाट बघा. गांडूळपाणी (गांडूळखतातून झिरपलेलं पाणी) दहापट पाण्यात घातलं तर त्याहून सौम्य.

शेंगा धरल्या की शेण-गोमूत्राचं काहीही पिकावर फवारू नका. कोवळ्या शेंगा खायच्या असतात, शेणातले जंतू त्यांवर नकोत.

रानवाट: पालाशसाठी (पोटॅश) राख जिवामृतातच मिसळली तर?

मुळारंभ: अजिबात नको. राख अल्कधर्मी, तिच्यामुळे गोमूत्रातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नाकाला झोंबतो तो हाच. राख द्यायचीच तर वेगळी, झाडामागे चिमूटभर, खोडापासून वीतभर लांब, आणि लगेच पाणी. जमीन आधीच चोपण (अल्कधर्मी, चिकट) असेल तर तीही नको.

ओलावा: ठिबकमधून सोडत असाल तर ढवळल्यानंतर लगेच काढू नका. गाळ बसू द्या, वरचंच पाणी दुहेरी सुती कापडातून गाळा, आणि नंतर पंधरा मिनिटं साधं पाणी चालवा. बॅरलवर गोणपाट टाका, घट्ट झाकण नको. सकाळ-संध्याकाळ ढवळत राहा. आंबूस वास ठीक. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नव्हती, ते द्रावण पिकाला न देता कंपोस्टच्या ढिगावर ओता.