मिडिएशनमध्ये सगळंच ॲडजस्ट करायचं?

मापदंड
काल गुणक यांनी लिहिलं, "मिडिएशनमध्ये फार डोकं लावू नये. डेटात जे जे आहे ते मॉडेलात टाकावं, रिव्ह्यूअर गप्प बसतो." दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते, जमलं नाही. मिडिएशन म्हणजे एखाद्या कारणाचा (एक्स्पोजर) परिणाम मधल्या कुठल्या गोष्टीमार्फत (मिडिएटर) होतो ते मोजणं. ॲडजस्ट करणं म्हणजे एखादी गोष्ट सारखी धरून तुलना करणं.

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जेकब येरुशाल्मींनी दाखवलं, की फक्त कमी वजनाची बाळं घेतली तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं कमी दगावतात. २००६ मध्ये हर्नांडेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९९१ च्या जन्मांवर तेच पाहिलं. ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या मृत्युदरांचं गुणोत्तर सगळ्या बाळांत १.५५, कमी वजनाच्या बाळांत ०.७९. सिगारेट बाळं वाचवते का? वजन कमी व्हायला सिगारेट हे एक कारण, जन्मजात व्यंग हे दुसरं. आई ओढत नाही आणि तरी बाळ हलकं, म्हणजे मागे काहीतरी जास्त वाईट असण्याची शक्यता मोठी. वजन ॲडजस्ट केलंत की या दोन कारणांत नसलेलं नातं उभं राहतं. मिडिएटरच (इथे वजन) कोलायडर होतो, म्हणजे दोन कारणं जिथे येऊन मिळतात ती गोष्ट.

म्हणून मिडिएटर आणि परिणाम यांची समान कारणं शोधून घ्यावीच लागतात, एक्स्पोजरशी त्यांचा काही संबंध नसला तरी. आणि त्यांतलं जे कारण एक्स्पोजरमुळेच बदलतं, ते साध्या रिग्रेशनमध्ये (नेहमीच्या समीकरणात) ढकलता येत नाही. "सगळं टाका" यात या दोन्हींचा विचार कुठे आहे?

गुणक
वाक्य माझंच आहे, नाकारत नाही. पण मी तालुक्याच्या नोंदींवर काम करतो. जन्मजात व्यंगाचा रकाना आम्हाला कोण देणार? वय, कितवं बाळंतपण, शिक्षण, हिमोग्लोबिन, एवढंच हाताशी. ते पण काढून टाकू? अमेरिकेतली लाखो बाळं दाखवून इथल्या माणसाला दटावणं सोपं आहे.

मापदंड
हिमोग्लोबिन कधी तपासलेलं? आई मशेरी लावते, आणि मशेरीमुळे ते उतरत असेल, तर तो मशेरीचाच एक रस्ता झाला. ॲडजस्ट केलंत तर रस्ता बंद. सोडलंत तर वजन आणि मृत्यू यांचं समान कारण मोकळं. इकडे आड, तिकडे विहीर. जी-फॉर्म्युला, म्हणजे एक्स्पोजरमुळे बदलणारी कारणंही धरून परिणाम काढायची पद्धत, त्यासाठीच आहे. वय आणि शिक्षण खुशाल घ्या, त्यावर भांडण नाही.

रविवारचा_वाचक
यात मिडिएशन तपासायच्या पायऱ्या घालून देणारा बॅरन-केनींचा १९८६ चा लेख दोषी आहे. पायऱ्या पाठ झाल्या, विचार राहिला. याच केनींनी १९८१ मध्ये चार्ल्स जड यांच्याबरोबर लिहिताना सुटलेल्या समान कारणाचा धोका सांगितला होता. तो कोणी शिकवत नाही. मलाही एम.एस्सी.ला नाही शिकवला.

वजनकाटा
तुम्ही सगळे वजन हा आकडा खरा धरून भांडताय. मी एकवीस वर्षं बाळंतपणं केली आहेत. रात्री दोनला वीज नाही, स्प्रिंगचा काटा हलतोय, बाळ रडतंय. आम्ही २.५ किलो लिहायचो. त्याच्या खाली लिहिलं की वरच्या दवाखान्यात पाठवा, गाडी शोधा, आणि नातेवाईक म्हणणार बाळ चांगलं आहे. तुमच्या आलेखात २.५ वर खांब उभा दिसेल. तो मी उभा केलाय.

गुणक
दिसतो. मला वाटलं होतं टायपिंगची चूक.

आलेखवेडी
खांबामुळे आकड्यांत नुसती अनियमितता वाढते असं समजू नका. मिडिएटर चुकीचा मोजला, चूक अगदी यादृच्छिक असली, तरी साधारणपणे वजनामार्फत होणारा परिणाम आक्रसतो आणि थेट परिणाम फुगतो. इथे तर चूक २.५ च्याच बाजूला झुकलेली. नर्सनी खोटं लिहायचं आणि आम्ही निस्तरायचं?

वजनकाटा
"खोटं" हा शब्द मागे घ्या. एका रात्री तीन बाळंतपणं, हाताखाली कोणी नाही. तुम्ही त्या खोलीत एक तास उभ्या राहा, मग बोला.

आलेखवेडी
शब्द मागे घेते. मुद्दा घेत नाही.

कृष्णाकाठची
माझ्या मावशीने तिन्ही गरोदरपणात मशेरी लावली. मुलं धडधाकट आहेत. वजन-बिजन सगळं गौण.

मापदंड
मावशींना नमस्कार. पण मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये गुप्ता आणि श्रीविद्या यांनी लिहिलं, की धूरविरहित तंबाखूने बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरतं. तीन मुलं धडधाकट निघाली म्हणून हे खोटं ठरत नाही.

वजनकाटा यांचं म्हणणं मात्र मी लेखात घ्यायला हवं होतं. कन्फाउंडरवर (त्या समान कारणांवर) इतकं लिहिलं, आणि मिडिएटर मोजला कसा यावर एक ओळ नाही. कमी पडले.

गुणक
आज रजिस्टर काढलं. हिमोग्लोबिनच्या तारखेचा रकाना आहे, निम्म्या ओळींत कोरा. तंबाखूचा प्रश्न बाळंतपणानंतर विचारलेला. म्हणजे आधी काय आणि नंतर काय हेच मला ठरवता येत नाही. सगळं टाकायचं नाही, हे मान्य. काय टाकायचं, ते यातून तुम्ही तरी सांगू शकाल का?

वजनकाटा
तारखा कोऱ्या का राहतात ते मला विचारा. रजिस्टर भरणारी बाई आणि रक्त तपासणारा माणूस वेगवेगळ्या दिवशी यायचे.