‘सामूहिक प्रतिकारशक्ती’ हा शब्द कितपत नेमका?

प्रश्न : ‘हर्ड इम्युनिटी’साठी (समूहातील पुरेसे लोक सुरक्षित झाल्याने उरलेल्यांनाही मिळणाऱ्या संरक्षणासाठी) ‘कळप प्रतिकारशक्ती’, ‘सामूहिक प्रतिकारशक्ती’ आणि ‘समूह प्रतिकारक्षमता’ असे तीन पर्याय वाचनात येतात. साथीच्या गणिती प्रतिमानांविषयी (मॉडेल्सविषयी) लिहिताना यांपैकी कोणता वापरावा?

उत्तर : माणसांना ‘कळप’ म्हटले की त्यात हीनत्वाची छटा येते, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवते. खरी अडचण ‘शक्ती’ या शब्दाची आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगातली, काढे घेऊन वाढवायची गोष्ट, असा अर्थ आपल्याकडे रुळलेला आहे. प्रतिमानात मात्र कोणाच्या अंगात किती बळ आहे हे मोजत नाहीत, तर लोकसंख्येतील किती वाटा विषाणूच्या वाटेतून आधीच दूर झाला आहे हे मोजतात. गोवराचा एक रुग्ण, कोणीच सुरक्षित नसेल तर, सुमारे १५ जणांना बाधा देतो असे धरू. त्या १५ पैकी १४ जण लसीमुळे किंवा पूर्वी गोवर येऊन गेल्यामुळे सुरक्षित असतील, तर पुढे एकच रुग्ण होतो आणि साथ वाढत नाही. लस घेण्याचे वय न झालेले घरातले तान्हे बाळही मग बहुधा वाचते, आणि ते स्वतःच्या शक्तीने वाचलेले नसते. म्हणून मी ‘समूहसंरक्षण’ सुचवते.

प्रतिसाद : ‘समूहसंरक्षण’ मला पटते. ‘सामूहिक’ शब्दही येथे बसत नाही : सामूहिक शेती किंवा सामूहिक विवाह यांत लोक ठरवून एकत्र येतात, तसे येथे काहीच नसते. फक्त समूह कोणता, हे प्रत्येक वेळी सांगावे लागेल. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे पूर्वी बाधा होऊन गेल्याची रक्तातील खूण) आढळली. या दोहोंची सरासरी काढून ‘मुंबईचे समूहसंरक्षण’ म्हटले, तर ते यांपैकी कोणत्याच वस्तीला लागू पडत नाही.

आणखी एक शब्द जपून वापरावा. बाधा होऊ शकेल अशा व्यक्तीला ‘संवेदनक्षम’ म्हणतात, पण मराठीत संवेदनक्षम कवी असतो; येथे ‘बाधाप्रवण’ अधिक नेमका आहे. करमॅक आणि मॅकेंड्रिक या साथींचे गणिती प्रतिमान मांडणाऱ्या संशोधकांनी १९२७ साली मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युसंख्येवर आपले समीकरण पडताळून पाहिले. त्यांच्या सिद्धान्तानुसार साथ ओसरते ती बाधाप्रवण माणसे संपल्यामुळे नव्हे, त्यांची संख्या एका मर्यादेखाली गेल्यामुळे.