२०२५ चे मेटलकोअर अल्बम: ओळीने ऐकायचे की सुटी गाणी?

निनाद_डोंबिवली

लोकहो, २०२५ मध्ये ओळीने तीन शुक्रवारी मेटलकोअरचे (म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोअर पंकच्या मिश्रणाचे) तीन मोठे अल्बम आले. २१ फेब्रुवारीला किलस्विच एंगेजचा 'धिस कॉन्सिक्वेन्स', २८ ला आर्किटेक्ट्सचा 'द स्काय, द अर्थ अँड ऑल बिट्वीन' आणि ७ मार्चला स्पिरिटबॉक्सचा 'त्सुनामी सी'. तिन्ही ऐकले, पण नीट बसून एकही ऐकला असं म्हणता येणार नाही. कारण अल्बम आला तेव्हा त्यातली अर्धी गाणी मला आधीच पाठ होती. आर्किटेक्ट्सचं 'सीइंग रेड' तर २०२३ च्या डिसेंबरमध्येच आलं होतं! मग अल्बम लावला की ओळखीचं गाणं आलं की पुढे ढकलतो, अनोळखी आलं की ऐकतो. सगळं विस्कटून जातं.

मी किलस्विचच्या 'द एंड ऑफ हार्टएक'च्या काळातला, म्हणजे २००४ च्या आसपास ऐकायला लागलेला. तेव्हा सीडी लावली की शेवटपर्यंत ऐकायची हे ठरलेलंच. आता डोंबिवली ते दादर लोकलमध्ये तासभर मिळतो, एक अल्बम आरामात बसतो. प्रश्न असा: यातला कुठला अल्बम खरोखर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्यासाठी बांधलेला आहे? की ती सवयच आता सोडून द्यावी? गेल्या वर्षभरातले इतर अल्बमही सुचवा.

कडकड_ठाणे

सोडून द्या. बँड स्वतःच सुटी गाणी काढतात, मग आपण का अडून बसायचं? ब्रिंग मी द होरायझनचा 'पोस्ट ह्यूमन: नेक्स जेन' बघा. २४ मे २०२४ ला आला आणि त्यात २०२१ चं 'डाय फॉर यू' आहे. जवळजवळ तीन वर्षांची गाणी एका जागी आणून ठेवलीत. मी त्यातली सहा निवडली, बाकीची परत लावलेली नाहीत आणि माझं काही अडलं नाही. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी नवीन गाणं आलं की बँड वर्षभर आपल्या कानात राहतो. तीन-चार वर्षं गप्प बसून एकदम बारा गाणी टाकायची ही जुनी रीतच माझ्या मते ऐकणाऱ्यावर अन्याय करणारी होती.

वैदेही_ड्रम्स

निनाद, सवय सोडू नका. मी पुण्यात ड्रम्स शिकवते. माझ्याकडे येणारी अठरा-वीस वर्षांची मुलंसुद्धा काही अल्बम ओळीनेच ऐकतात, आणि काही अजिबात नाही. त्यांची निवड बहुतेक वेळा बरोबर असते.

आधी ब्रेकडाउनबद्दल, म्हणजे गाण्यातल्या मुद्दाम संथ आणि जड केलेल्या भागाबद्दल लिहिते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं. ब्रेकडाउनमध्ये टेम्पो तोच ठेवूनही स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या मात्रेऐवजी फक्त तिसरीवर आणला, की वेग निम्मा झाल्यासारखा वाटतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गिटारच्या दाबलेल्या तारांबरोबर ठोक्याला ठोका जुळवून चालते. वाजवायला हे बरेचदा सोपं असतं, नवीन मुलांना मी ते लवकर देते. मग ती हमखास विचारतात: रेकॉर्डवर हे एवढं अंगावर येतं आणि आम्ही वाजवलं की नुसतं संथ का वाटतं? कारण त्यांनी आधीची दोन मिनिटं वाजवलेलीच नसतात. ब्रेकडाउनचं वजन ब्रेकडाउनमध्ये नसतंच, ते त्याच्या आधी जमा झालेलं असतं. चांगल्या मेटलकोअर अल्बममध्ये हेच गाण्यागाण्यांमध्ये होतं. सातवं गाणं किती जड वाटेल हे सहावं ठरवतं. ज्या अल्बममध्ये असं होत नाही तो खुशाल सुटा ऐकावा, आणि 'नेक्स जेन'बद्दल मी कडकड यांच्याशी सहमत आहे. त्यातली काही गाणी मला फार आवडतात, पण त्यांचा क्रम बदलला तर मला चुकल्यासारखं वाटणार नाही.

आता तुमचे तीन.

'त्सुनामी सी' ओळीनेच ऐका, दुसरा पर्याय नाही. अकरा गाणी आहेत. 'सॉफ्ट स्पाइन' सप्टेंबर २०२४ मध्ये सुटं आलं तेव्हा ते रागाचं, थेट तोंडावर येणारं गाणं वाटलं होतं. अल्बममध्ये ते पाचवं आहे. त्याच्या लगेच मागे शीर्षकगीत आणि मग 'अ हेवन विथ टू फेसेस' येतं, आणि तिथे सगळा आवाज रुंद होत जातो. गायिका कोर्टनी लाप्लांट किंचाळायची थांबून गायला लागते आणि तुम्ही 'सॉफ्ट स्पाइन'च्या कडेवरून खाली पाण्यात पडता. सुटं ऐकताना हे पडणं मिळतच नाही. नंतर 'नो लॉस, नो लव्ह' परत जमिनीवर आपटतं आणि पुढचं 'क्रिस्टल रोझेस' इलेक्ट्रॉनिक आहे, ड्रम अँड बेस या वेगवान ठोक्यांच्या नृत्यसंगीताच्या अंगाने जाणारं. सुटं ऐकून माझ्या एका विद्यार्थ्याने ते नावडतं ठरवलं होतं. त्याला मी आठवं आणि नववं लागोपाठ ऐकायला लावलं. आता तो त्याचा ड्रम पॅटर्न बसवतोय. हा बँड कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडवर उभा राहिला. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी अडकून पडल्याची भावना अल्बमभर आहे, समुद्र नावापुरता आलेला नाही.

'धिस कॉन्सिक्वेन्स' दहा गाण्यांचा आणि साधारण ३५ मिनिटांचा आहे. दादरपर्यंत संपून उरेल. तो कुठूनही सुरू करा. ही त्याची खोड नाही, किलस्विचचं काम तसंच आहे: प्रत्येक गाणं आपापल्या पायावर उभं. २०१९ च्या 'अटोनमेंट'नंतर इतक्या वर्षांनी आला आणि गायक जेसी लीचचा आवाज मला आधीपेक्षा भरीव वाटला.

आर्किटेक्ट्सबद्दल मला सविस्तर लिहायचंय. नवा अल्बम निर्माता जॉर्डन फिशबरोबर केलाय, तोच जो २०२३ च्या अखेरीस ब्रिंग मी द होरायझनमधून बाहेर पडला. गायिका पॉपीचा 'निगेटिव्ह स्पेसेस' (नोव्हेंबर २०२४) हाही त्याच्याच हातचा. त्यामुळे कोरस मोठे, चकचकीत, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. 'एलेजी'पासून 'ब्रोकन मिरर'पर्यंतची नऊ गाणी मी सलग ऐकते. पण दहावं 'कर्स' (एप्रिल २०२४) आणि अकरावं तुमचं 'सीइंग रेड'. दोन सर्वांत जुनी, सर्वांत पाठ झालेली गाणी शेवटाला लावलीत आणि मग बारावं 'शँडेलिअर'. तिथे माझं लक्ष दर वेळी तुटतं. 'शँडेलिअर' चांगलं गाणं आहे, त्याला याहून बरी जागा मिळायला हवी होती.

यावर कुणी म्हणेल की आधी आलेलं गाणं अल्बमात आलं की असं होणारच. नाही. त्याच बँडचा २०१८ चा 'होली हेल' काढा. टॉम सर्ल, गिटारिस्ट आणि मुख्य गीतकार, ऑगस्ट २०१६ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने गेला, फक्त २८ वर्षांचा. ड्रम्सवर त्याचा जुळा भाऊ डॅन. टॉमने अर्धवट ठेवलेलं 'डूम्सडे' बाकीच्यांनी पूर्ण केलं आणि २०१७ मध्ये सुटं काढलं. अल्बम आला त्याच्या वर्षभरानंतर, आणि 'डूम्सडे' त्यात कुठे आहे? अकरापैकी दहावं. म्हणजे 'सीइंग रेड'सारखंच, शेवटून दुसरं, वर्षभर जुनं, सगळ्यांना पाठ. तरी मी ते कधी पुढे ढकलू शकले नाही. कारण 'डेथ इज नॉट डिफीट'पासून नऊ गाणी हा माणूस गेल्याचं ओझं घेऊन चाललेली असतात. त्यातही नववं 'द सेव्हन्थ सर्कल' दोन मिनिटांच्या आतलं, उसंत न देणारं. त्यातून बाहेर येताच 'डूम्सडे' सुरू होतं आणि वर्षभर ऐकलेलं गाणं पहिल्यांदा कळतं. डॅनचे ठोके मी विद्यार्थ्यांना लिहून देते. त्यात अशक्य असं काही नाही. पण भावाच्या शेवटच्या गाण्यात कुठेही उगाच भरणा न करता इतकं सरळ वाजवणं मला अजून नीट जमत नाही.

तुमच्या तिन्हींबाहेरचा एकच सुचवते: नॉक्ड लूजचा 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू', १० मे २०२४. केंटकीचा बँड. दहा गाणी, साधारण २७ मिनिटं. हा सुटा ऐकणं म्हणजे चटणी चमच्याने खाणं. पाचवं 'मॉस कव्हर्स ऑल' एकटं लावलं तर अपुरं वाटेल, ते पुढच्या 'टेक मी होम'कडे ढकलण्यासाठीच आहे. तिसऱ्या, पॉपीबरोबरच्या 'सफोकेट'मध्ये शेवटाकडे ब्रेकडाउन चक्क रेगेटॉनच्या (लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताच्या) चालीवर जातो, ३-३-२ अशी विभागणी. पहिल्यांदा ऐकून मी हातातलं काम टाकून परत लावलं होतं. ग्रॅमीसाठी नामांकन मिळालेलं हे गाणं वेगळं ऐकायलाही भारी आहे, पण आधीच्या दोन गाण्यांनी श्वास कोंडलेला असेल तर ती चाल खिडकी उघडल्यासारखी येते.

सिनसिनाटीकर

वैदेही, नॉक्ड लूजबद्दल अगदी पटलं. मी ओहायोत, त्यांच्या गावापासून फार लांब नाही. मंचावर मात्र ते अल्बमचा क्रम पाळत नाहीत. २०१६ च्या 'लाफ ट्रॅक्स'मधलं 'काउंटिंग वर्म्स' आलं की सगळी गर्दी ते कुत्र्यासारखं 'आर्फ आर्फ' एका आवाजात ओरडते, आणि त्या क्षणी आधी कुठलं गाणं होतं याचं कुणालाही भान नसतं. म्हणजे प्रत्यक्षात सुटं गाणंही तेवढंच वजन उचलतं ना?

अल्बमच्या नावाची गोष्ट इथे कुणाला माहीत नसेल तर सांगतो. गायक ब्रायन गॅरिसला विमानाची भीती वाटते. एका प्रवासात शेजारच्या अनोळखी बाईने त्याला धीर देताना हे वाक्य म्हटलं: वेळ आल्याशिवाय तू जाणार नाहीस. हे माहीत झाल्यावर मला अल्बम वेगळाच ऐकू यायला लागला. त्यातली चिडचीड मला आता घाबरलेल्या माणसाची वाटते.

मुकुंद_नागपूर

आपल्याकडच्यांना विसरू नका. दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'नू दिल्ली' २१ मार्चला आला, म्हणजे निनाद यांच्या तीन शुक्रवारांनंतर दोनच आठवड्यांनी. आठच गाणी. काटेकोरपणे मेटलकोअर नाही, ढोल आहे, रॅप आहे, पण जड नक्की आहे. 'बेखौफ'मध्ये जपानच्या बेबीमेटल आहेत. मला २०२२ चा 'रक्षक' अजूनही जास्त जवळचा. तो त्यांनी कुठल्या कंपनीशिवाय काढला होता आणि त्यात 'जी वीरे'सारखं धीर देणारं गाणं आहे.

निनाद_डोंबिवली

वैदेही, तुमच्या सांगण्यावरून 'त्सुनामी सी' डोंबिवलीला चढताना लावला आणि फोन खिशात ठेवला. 'क्रिस्टल रोझेस' मी आतापर्यंत दर वेळी ढकलत आलो होतो. 'नो लॉस, नो लव्ह' संपलं आणि ते सुरू झालं तेव्हा ते पुढे ढकलायचा विचारही आला नाही. 'होली हेल' घरी ऐकला, लोकलमध्ये नाही. त्यावर आत्ता जास्त लिहिता येणार नाही.

पण 'शँडेलिअर'बद्दल मी असहमत. मला ते तिथेच आवडतं. 'सीइंग रेड'चा इतका आरडाओरडा झाल्यावर काहीतरी मोकळं हवंच होतं.

एक अडचण: दोन गाण्यांच्या मध्ये आवाज एकमेकांत मिसळतो, पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. ते अल्बममध्येच आहे का?

वैदेही_ड्रम्स

नाही, ते तुमच्या ॲपचं काम आहे. सेटिंग्जमध्ये क्रॉसफेड असेल, तो शून्यावर आणा. शफल बंद करा. आवाज समान पातळीवर आणणारा पर्याय असेल तर अल्बमपुरता तोही बंद करून बघा. काही ॲप्समध्ये तो प्रत्येक गाणं वेगळं मोजतो, मग मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं वर खेचलं जातं आणि त्यापुढच्या आघाताचं वजन जातं. मी मुलांना कुठलाही अल्बम देण्याआधी त्यांच्या फोनमध्ये हे तपासते.

सिनसिनाटीकर, मंचावरचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण तिथे वजन जमा करायला गर्दी असते, आधीच्या बँडपासून ती तापलेली असते. घरी ते काम आधीच्या गाण्यालाच करावं लागतं.

मुकुंद, 'रक्षक'ला माझंही मत.

आणि निनाद, 'शँडेलिअर'वर तुमचं म्हणणं मी पुढच्या वेळी डोक्यात ठेवून ऐकेन. तुम्ही आता मागे जा, कन्व्हर्जचा 'जेन डो' ऐका. सप्टेंबर २००१, मॅसॅच्युसेट्स, म्हणजे किलस्विचच्याच राज्यातला. बारा गाणी. आवाज खडबडीत आहे, शब्द पहिल्यांदा कळणार नाहीत, कोरस शोधू नका. गाणी लहान आणि एकमेकांच्या अंगावर धावून येणारी आहेत. शेवटचं शीर्षकगीत मात्र अकरा मिनिटांच्या वर जातं. ते आधी वेगळं काढून ऐकू नका, दादर आलं तर उरलेला अल्बम परतीच्या गाडीत ऐका.