लाटांची उंची १.३ मीटर असताना खाडीच्या तोंडाशी होडी कशी फिरली?

प्रश्न | वेसावेकर

नमस्कार. आमच्या घरची एक मध्यम आकाराची यांत्रिक होडी मुंबईतल्या वेसाव्याच्या बंदरात असते आणि धाकटे काका तिचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, आहेत. होडी निघण्याआधी अंदाज वाचून त्यांना सांगण्याचे काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. एप्रिलअखेरच्या एका दिवशी अंदाजात वारा ताशी १० ते १५ किलोमीटर आणि लाटांची उंची १.३ मीटर होती, वादळाचा इशारा कोणताही नव्हता. बाहेर समुद्र खरोखरच शांत होता. परंतु संध्याकाळी परतताना खाडीच्या तोंडाशी पाठीमागून लागोपाठ तीन लाटा आल्या, होडी आडवी फिरली आणि बर्फाची पेटी सरकून एका खलाशाच्या पायाचे हाड मोडले. काका सांगतात की तिसरी लाट केबिनच्या छपराएवढी होती. वारा नसताना एवढी लाट येते कुठून? अंदाज चुकला, की वाचताना मीच काही सोडले? त्या सकाळी ‘जायला हरकत नाही’ असे मीच सांगितले होते, म्हणून मला याचे नीट उत्तर हवे आहे.

प्रतिसाद १ | तरंगमापक

त्या खलाशाचा पाय लवकर बरा होवो. आपण दिलेल्या माहितीवरून अंदाज चुकला असे मला वाटत नाही. अंदाजात छापलेली उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची नसते. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे १.३ मीटर लिहिलेले असताना एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे अडीच मीटरची येणे हे त्या आकड्यातच धरलेले आहे.

दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाटांचा आवर्तकाल, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा माथा येईपर्यंतचे सेकंद. आपल्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याने उठणारी लाट साधारण पाच-सहा सेकंदांची असते. याउलट एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा, ज्यांना स्वेल म्हणतात, हिंदी महासागर ओलांडून आपल्याकडे येतात आणि त्यांचा आवर्तकाल १५ सेकंदांच्या आसपास असू शकतो. अशी लाट दिवसाला सुमारे हजार किलोमीटर सरकते, म्हणजे जिने त्या दिवशी होडी फिरवली ती लाट बहुधा आठवडाभर आधी, सहा हजार किलोमीटरांवर जन्मली असेल. केरळात हिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. चोरासारखा येणारा समुद्र असा त्याचा अर्थ आहे.

खोल पाण्यात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, तर १५ सेकंदांच्या लाटेची ३५० मीटर. एवढी लांब लाट होडीखालून इतकी सावकाश जाते की तांडेलाला समुद्र शांत वाटतो. मात्र लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. मुंबईपासून १६० किलोमीटरांवरच्या मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रातही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे, म्हणजे ही लाट तिथेच तळाला लागलेली असते. पुढे खाडीच्या तोंडाशी साठलेल्या गाळावर तिचा वेग मोडतो, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि दिवसभर न दिसलेला माथा अचानक उभा राहतो.

प्रतिसाद २ | मढचा नाखवा

त्या वेळी पाणी कुठले होते, भरती की सुकती, ते आपण लिहिलेले नाही. खाडीतून सुकतीचे पाणी जोराने बाहेर पडत असेल आणि समोरून लाट आत येत असेल, तर ती आखूड आणि उभी होते. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत तर फारच. शिवाय सुकतीला गाळावर पाणीही कमी असते. माझे आजोबा अर्ध्या सुकतीला होडी कधीही आत घेत नसत, बाहेर नांगर टाकून पाणी फिरण्याची वाट पाहत, मग मासळीचा भाव गेला तरी चालेल. मोठ्या लाटा घोळक्याने येतात. गाळावर पांढरी फेसाची रेघ उठताना दिसली की दहा-पंधरा मिनिटे लांबूनच पाहावे आणि घोळका गेल्यावर निघावे.

प्रतिसाद ३ | दीपस्तंभ

वेळेचाही घोळ तपासावा. अंदाजाच्या अनेक नकाशांवर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘१२’ म्हणजे दुपारचे बारा समजून आपण वाचतो, प्रत्यक्षात ती संध्याकाळी साडेपाचची स्थिती असते. तसेच बंदरावर तीन नंबरचा बावटा नाही म्हणून खाडीचे तोंड निवांत आहे, असा अर्थ काढू नये, कारण बावटा हा वादळी वाऱ्यासाठी असतो. स्वेलच्या सूचना हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून स्वतंत्रपणे निघतात. सकाळी त्याही पाहाव्यात. फक्त किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपुढे मोबाइल चालत नाही, म्हणून निघाल्यानंतर आलेली सूचना होडीपर्यंत पोहोचेल का, याची सोय आधी करावी लागते.

वेसावेकर

सर्वांचे मनापासून आभार. त्या दिवशीच्या अंदाजाचे चित्र फोनमध्ये सापडले. आवर्तकाल १५ सेकंद, दिशा दक्षिण-नैऋत्य. दोन्ही आकडे उंचीच्या खालच्याच ओळीत होते आणि मी ते कधीच वाचत नसे. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते आणि काका म्हणतात की पाणी अर्धे उतरले होते. आता माझ्या वहीत उंचीशेजारी आवर्तकाल, दिशा आणि सुकतीची वेळ असे रकाने केले आहेत.

प्रतिसाद ४ | तरंगमापक

रकाना करताना एक काळजी घ्यावी. काही ठिकाणी सरासरी आवर्तकाल देतात, तर काही ठिकाणी सर्वाधिक ऊर्जा असलेल्या लाटांचा. किनाऱ्यावर वारा असेल तेव्हा त्याच्या आखूड लाटा मिसळून सरासरी सात-आठ सेकंदांवर येते आणि तिच्याखालचा स्वेल दिसत नाही. स्वेलची उंची आणि आवर्तकाल वेगळे दिलेले असतील, तर वहीत तेच उतरवावेत.