दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राचं एम.ए. बंद झालं, हे योग्यच झालं

अस्मानी:
विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यामुळे हा विषय आता आरोग्यसेवेत मोडतो, हे त्यामागचं कारण. आधीच्या पदव्यांना धक्का नाही. माझ्या ओळखीत यावरून बरीच नाराजी आहे, पण मी निर्णयाच्या बाजूने आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलांच्या बुद्ध्यांक चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या चित्रासारखी नक्षी करायची, अशी त्यात एक उपचाचणी असते. पुस्तकात ती दोन पानांत संपते. प्रत्यक्षात नऊ वर्षांचा मुलगा एक ठोकळा ठेवतो आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमची मान जराशी हलली तरी त्याला उत्तर कळतं. चेहरा अगदीच कोरा ठेवलात तर पोर बिचकतं आणि येत असलेलंही करत नाही. हातात स्टॉपवॉच चालू असतं. चुकल्यावर तो सगळं मोडून पुन्हा मांडतो की तसंच रेटतो, हेही टिपायचं असतं. हे मला शेजारी बसून सीनियर मॅडमनी शिकवलं. सेशन संपल्यावर त्या सांगायच्या, "तिसऱ्या नक्षीला तू सुस्कारा सोडलास, त्याने तो ऐकला." याच आकड्यावर पुढे त्या मुलाचं प्रमाणपत्र, शाळा, परीक्षेतल्या सवलती ठरतात.

घरी पुस्तकं वाचून परीक्षा दिलेल्या माणसाच्या हातात हे द्यायचं का? माझं उत्तर नाही असं आहे.

परभणीची शिक्षिका:
ताई, मुद्दा तुम्ही चाचण्यांचा मांडलात, बंदी मात्र सरसकट आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इग्नू या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राचं एम.ए. केलं. नोकरी सुरू, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रेग्युलर एम.ए.साठी छत्रपती संभाजीनगरला जाऊन राहणं मला या जन्मात जमलं नसतं. मी चाचण्या घेत नाही, बोर्ड लावलेला नाही, कुणाकडून पैसे घेत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला. अख्खं गाव त्याला सांगत होतं, "रडू नको, आता तूच घरातला कर्ता." पोरगं आठवीत. मधल्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी बसायचे आणि वडिलांबद्दल विचारायचे: ते बैलांना काय नावं ठेवायचे, बाजारातून काय आणायचे. तिसऱ्या दिवशी तो बोलला आणि रडला. त्याची झोप उडाली आहे हे कळल्यावर त्याच्या आईला घेऊन मी जिल्हा रुग्णालयात गेले. कुठपर्यंत आपण बोलायचं आणि कुठून पुढे डॉक्टरांकडे न्यायचं, हे मला त्या दूरस्थ अभ्यासक्रमानेच शिकवलं. तो नसता तर माझ्या जागी तिथे कुणी आलं असतं का?

अस्मानी:
तुम्ही केलंत ते मोलाचं आहे, त्याबद्दल मनापासून आदर. पण सगळे तुमच्यासारखी मर्यादा पाळत नाहीत. दूरस्थ एम.ए. झालं की महिन्याभरात बोर्ड लागलेला मी पाहिला आहे. अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते, मान्य. पण जागा विद्यार्थ्यानेच शोधायची, आणि ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्का आणणारे काही कमी नाहीत. मग मुलीच्या नैराश्याला "हट्टीपणा" ठरवून सहा महिने घालवलेले आईबाप माझ्यासमोर येऊन बसतात.

मांडवीकाठ:
गोव्यातून लिहितो. इथल्या संगत संस्थेचं काम या वादात यायलाच हवं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार राबवला. रीतसर चाचणी झाली, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले आणि रुग्णांना फरक पडल्याचं दिसलं. हे समुपदेशक आपल्या बैठका रेकॉर्ड करत, एकमेकांच्या ऐकत, गुण देत, कुठे चुकलं त्यावर चर्चा करत.

म्हणजे अस्मानी ताईंचा मूळ मुद्दा खरा आहे, शेजारी कुणीतरी हवं. फक्त ते कुणीतरी रेग्युलर एम.ए.च्या वर्गातही आपोआप मिळत नाही. साठ जणांच्या वर्गात नोट्स उतरवून, एकाही रुग्णाशी न बोलता एम.ए. झालेले मला माहीत आहेत. त्यांच्यावर बंदी नाही.

आकडेमोड:
मांडवीकाठ यांच्याशी सहमत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून थोड्या जास्त प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठीचं एम.फिल.ही २०२५-२६ च्या प्रवेशानंतर संपतंय. आरसीआयने, म्हणजे या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेने, त्याऐवजी चार वर्षांचं बी.एस्सी. आणि दोन वर्षांचं एम.ए. आणलंय. पण ते मोठ्या शहरांतल्या महागड्या खासगी विद्यापीठांतच राहिलं, तर परभणीच्या मुलीला काय उपयोग? आधी जागा वाढवायच्या, मग दार लावायचं. इथे उलटं झालं.

एका मुलीचा बाबा:
वाद महत्त्वाचा आहे, पण माझा प्रश्न साधा आहे. मुलगी बारावीला, मानसशास्त्रच घ्यायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, त्यात पोट भरत नाही. काय करू?

टी_टेस्ट:
काका, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घेऊ द्या तिला. फक्त "मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं" एवढंच कारण असेल तर तिच्याशी नीट बोला. आमच्याकडे निम्मा वर्ग संख्याशास्त्राला घाबरतो, आणि संशोधन समजायचं तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. बी.ए.वर या क्षेत्रात फारसं काही मिळत नाही, पाच-सहा वर्षं धरून चला. क्लिनिकलला जायचं असेल तर त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी तपासा; कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका. क्लिनिकल नको असेल तर कंपन्यांतलं मनुष्यबळाचं काम, शाळा, संशोधन असे रस्ते आहेत. पहिली काही वर्षं पगार बेताचा असतो, हे तिला आत्ताच सांगा.

अस्मानी:
मांडवीकाठ, रेग्युलर वर्गाबद्दल बरोबर बोललात. तिथेही देखरेखीखालच्या तासांची सक्ती हवी, आणि त्याची नोंद कुणीतरी बाहेरच्याने तपासायला हवी. पण एक ठिकाण ढिलं आहे म्हणून दुसरंही ढिलं ठेवा, हे मला पटत नाही. बंदी राहावी.

परभणीची शिक्षिका:
राहू द्या. पण मग पर्याय सांगा. राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. आमच्या मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. आमच्या जिल्हा रुग्णालयाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांना प्रशिक्षण केंद्र करा. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी आम्ही शिक्षक तिथे काढू. वॉर्डात बसू, केस लिहू, तुमच्यासारख्या कुणाच्या तरी शेजारी बसून शिकू. थिअरी घरी वाचू, परीक्षा कडक घ्या. एवढी सोय उभी करा, मग दूरस्थ बंद ठेवलंत तरी मी विरोध करणार नाही. ती उभी राहीपर्यंत मात्र माझा या निर्णयाला विरोध आहे.