कम्युनिटी टीव्हीच्या संघटनेचं सभासद व्हावं का? (उत्तर लांब आहे)

मिलिंद_प

परवा शंतनूने इथेच लिहिलं की गावच्या ॲक्सेस टीव्हीचं (केबलवरचं चॅनल, कार्यक्रम गावातल्याच लोकांनी करायचे), किंवा अशा केंद्रांच्या संघटनेचं, त्या अलायन्स फॉर कम्युनिटी मीडियाचं, सभासद होणं म्हणजे "टांगेवाल्यांच्या युनियनला वर्गणी देणं". आपल्या मंडळाने संस्था म्हणून सभासद व्हावं अशी सूचना मी केली होती, तिच्यावर हा शेरा. खाली बारा हसऱ्या बाहुल्या. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात अठरा वर्षं काढली. इथल्या केंद्राला वर्षाला तीस डॉलर देतो.

आधी पैशाचं. केबलच्या बिलात खाली फ्रँचायझी फी नावाची एक ओळ असते. १९८४ च्या केबल कायद्याप्रमाणे कंपनीच्या केबलच्या उत्पन्नातले जास्तीत जास्त ५ टक्के गावाला घेता येतात, कारण कंपनी आपले रस्ते वापरते. आमच्याकडे त्यातूनच केंद्र चालतं. ही फी फक्त टीव्हीवर. इंटरनेटवर नाही. शंतनूने केबल कापली आणि त्याच कंपनीचं इंटरनेट ठेवलं. तार तीच, खड्डा तोच, गावाला छदाम नाही. वर २०१९ मध्ये एफसीसीने (टीव्ही-फोनवर देखरेख करणारं अमेरिकी सरकारचं खातं) ठरवलं की कंपनी गावाला ज्या वस्तू-सेवा फुकट देते त्यातल्या बहुतेकांची किंमतही या ५ टक्क्यांतच धरा. २०२१ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ते बरंचसं उचलून धरलं. बाजारभावाऐवजी कंपनीला पडणारा खर्च धरा, एवढाच काय तो दिलासा. त्या कोर्टात गावांच्या बाजूने भांडायला कोण उभं राहिलं? शहरं आणि ही "टांगेवाल्यांची युनियन".

आता कोण बघतं या प्रश्नाचं उत्तर. माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. मराठी सिरियल लावून दिल्या, बघेनात. रोज संध्याकाळी झोनिंग बोर्ड, म्हणजे कोणी कुठे काय बांधायचं ते ठरवणारी गावची समिती. एक बाई शेजारच्या डेकविरुद्ध (घराला जोडलेला लाकडी ओटा) भांडत होती, तिचं प्रकरण चार सुनावण्या चाललं. परत जाताना विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत, मला म्हणाले, "त्या डेकवालीचं काय झालं ते फोन करून कळव."

---

शंतनु७

वा, माझ्या नावाने धागा! आईला लिंक पाठवतो.

टांगेवाल्यांची माफी मागतो. टांगा निदान ठरल्या वेळी यायचा. आमचं २०१६ चं गणपतीतलं नाटक मी स्वतः एका केंद्रात नेऊन दिलं होतं (गाव सांगत नाही). फॉर्म भरा. संगीताचे हक्क आमचेच म्हणून सही करा. फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आणा. आवाज एकाच बाजूने येतोय, परत आणा. तीन फेऱ्या मारल्या. आणि लागलं कधी? मंगळवारी पहाटे अडीचला. प्रेक्षक दोन: मी आणि नाटकातली मोलकरीण, म्हणजे माझी बायको. तीही दुसऱ्या अंकात घोरायला लागली. तेच यूट्यूबवर टाकलं तर पुण्यात आत्याने दुपारच्या चहाबरोबर बघून "मोलकरणीचं काम बरं झालंय" असा मेसेजसुद्धा केला.

सासऱ्यांचा किस्सा गोड आहे. पण एका सासऱ्यासाठी अख्खं चॅनल?

---

रेवती_मा

शंतनू, यूट्यूबवर टाकलंस ते शूट कोणी केलं होतं? सभागृहात तीन कॅमेरे कोणाचे होते? मी सांगते. केंद्राचे. सही माझी होती, आणि एका ट्रायपॉडची खालची पट्टी परत करताना सापडली नाही म्हणून बोलणी खाल्ली तीही मीच.

२०१२ मध्ये मी तिथे सात भागांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम केला. तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नाही, मुलगी बालवाडीत. कोर्स फुकट होता. पहिल्या दिवशी एक पांढरा कागद हातात दिला आणि म्हणाले हा कॅमेऱ्यासमोर धर, मग त्याला पांढरं म्हणजे काय ते कळतं. दुसऱ्या नंबरच्या कॅमेऱ्यावर एक निवृत्त पोस्टमन होता. पुरणपोळीच्या भागात विजेच्या शेगडीने ब्रेकर पडला, सगळा स्टुडिओ काळोख. दिवे आले तेव्हा तवा निम्मा गार. म्हटलं गेली पोळी. पण टाकली आणि टम्म फुगली, आणि त्या माणसाने न सांगता झूम केलं. मागून कंट्रोल रूममधून कोणीतरी ओरडलं, "होल्ड दॅट!" तो शॉट माझ्याकडे अजून आहे.

किती जणांनी बघितलं मला माहीत नाही आणि फरक पडत नाही. आज मी एडिटिंगचे पैसे घेते, ते तिथे शिकले म्हणून.

---

निशिकांत_क

भावना बाजूला ठेवून कायद्याचं बोलू. "लोकांचं चॅनल" म्हणता, ते लोकांचं नाही. २०१९ चा हॅलेक खटला वाचा. न्यूयॉर्कच्या डीडी हॅलेक आणि जेझूस पापोलेतो मेलेंदेझ यांनी मॅनहॅटनच्या ॲक्सेस केंद्रावरच टीका करणारी फिल्म केली, की ईस्ट हार्लेमकडे तुमचं लक्ष नाही. केंद्राने ती दाखवली, आणि तक्रारी आल्यावर त्यांना बाहेर ठेवलं. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की हे केंद्र खासगी ना-नफा संस्था आहे, सरकार नाही. त्यामुळे पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं, बंधन तिला लागू नाही.

म्हणजे उद्या रेवतीताईंनी पोळी लाटता लाटता "इथला मॅनेजर उर्मट आहे" म्हटलं की संपलं. आणि अशा संस्थेला वर्गणी द्यायची?

---

मिलिंद_प

निशिकांत, हा खटला माझ्याच बाजूचा आहे. सरकार नाही, खासगी संस्था आहे, म्हणजे तिच्यावर अंकुश कोणाचा? संचालक मंडळाचा. आमच्याकडे ते कोण निवडतं? सभासद. मागच्या वार्षिक सभेला आम्ही अकरा जण होतो, त्यातले सहा उमेदवार.

---

शंतनु७

अकरातले सहा उमेदवार!! हे वाक्य आपल्या बाजूचं आहे असं मिलिंदला वाटतंय याची नोंद घ्यावी.

आणि मोकळं व्यासपीठ म्हणाल तर कॅन्सस सिटी आठवा. तिथे कू क्लक्स क्लॅनने, त्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी, कार्यक्रम मागितला. कोणीही या म्हटलं की तेही येतात.

---

निशिकांत_क

अर्धंच सांगितलंस. १९८८ मध्ये शहराच्या कौन्सिलने क्लॅनला अडवण्यासाठी अख्खं ॲक्सेस चॅनलच बंद करून टाकलं, मग खटला झाला, आणि १९८९ मध्ये चॅनल परत द्यावं लागलं. मी वर्गणीच्या विरुद्ध आहे म्हणून चुकीचं ऐकून घेईन असं नाही.

---

अण्णा_सांगलीकर

तुमचं अमेरिकेतलं चालू द्या, पण कम्युनिटी टीव्ही आम्हाला कोणी शिकवू नये. तो आमच्याकडे होता, फक्त त्याला कोणी असं नाव दिलं नाही. केबलवाल्याचं लोकल चॅनल! खाली पट्टी: "चि. अमुक यास प्रथम वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त मामा परिवार." विसर्जन मिरवणूक थेट, कुस्तीचा फड थेट, दहावीत पहिली आलेल्या मुलीची मुलाखत, शेजारी तिचा बाप हाफशर्टात अवघडून बसलेला. पुरात तर विचारू नका. आयर्विन पुलाची पातळी दर तासाला. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे शेंबड्या पोराला पाठ. मुंबईच्या चॅनलवाल्यांना सांगली कुठे ते सापडेपर्यंत आमचा केबलवाला गुडघाभर पाण्यात उभा असायचा. कोणाचे ५ टक्के नाहीत की संघटना नाही.

---

विदुला_स

अण्णा, पुरात वीज जाते. टीव्ही कशावर बघत होता?

आणि केबलवाल्याचं कौतुक पुरे. मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या केबलवाल्याचं लोकल चॅनल म्हणजे एका नेत्याचा वाढदिवस, मग त्याच्या मुलाचा वाढदिवस, मग काल थिएटरला लागलेला सिनेमा चोरून. आमच्या शाळेचा नळ आठ महिने बंद होता. बाबा दोनदा त्याच्याकडे गेले, म्हणाले फक्त नळ दाखव, आम्ही बोलत पण नाही. त्याने चहा पाजला. नळ काही दाखवला नाही. तिसऱ्यांदा गेले तर आठवड्यात आमची केबल "तांत्रिक कारणाने" बंद. आई महिनाभर बाबांशी बोलली नाही, तिची सिरियल चुकली म्हणून.

याला कम्युनिटी टीव्ही म्हणत असाल तर सावकाराला पतपेढी म्हणा.

---

अण्णा_सांगलीकर

इन्व्हर्टर असतो ताई. आणि तुमच्या गावचा केबलवाला चोर निघाला म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सेट टॉप बॉक्स आले आणि मोठ्या कंपन्यांनी या पोरांना वसुली एजंट करून टाकलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

---

विदुला_स

इन्व्हर्टर कोणाकडे होता? बंगल्यात. नदीकाठच्या पत्र्याच्या घरात नव्हता. पातळी खरी तिथे कळायला हवी होती.

---

अण्णा_सांगलीकर

आमचं घर बंगला नव्हता आणि मी पत्र्यावर दोन रात्री काढल्या आहेत. तुम्ही त्या वेळी कुठे होता ते सांगा, मग बोलू.

---

मिलिंद_प

अहो, विषय मॅसॅच्युसेट्सचा होता.

---

जुना_मास्तर

मिलिंदराव, हाच विषय आहे. अण्णांकडे चॅनल होतं, मालकी एकाची. विदुलाबाईंचा नळ त्याच मालकीत अडकला. भारतात १९७५ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात पिज गावाला कमी शक्तीचा ट्रान्समीटर लावून गावकऱ्यांबरोबर कार्यक्रम केले होते. दारू, अस्पृश्यता, शेतमजुरी, सगळं. १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पुढे तो ट्रान्समीटरच हलवला. सरकारचा होता, सरकारने नेला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निवाडा दिला, २००६ मध्ये कम्युनिटी रेडिओ सामाजिक संस्थांनाही खुला झाला, म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी केंद्रं उभी राहिली. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आणि टीव्हीसाठी तेवढंही झालं नाही.

तिकडे तीस डॉलरमध्ये मत मिळतंय तर घ्या की. आमच्याकडे लाख रुपये दिले तरी केबलवाला मत देत नाही.

---

विदुला_स

मास्तर, "विदुलाबाई" नको. बाकी बरोबर. (अण्णा, मी तेव्हा बारावीत होते, कोरड्या जागी होते, मान्य. पत्र्यावरच्या दोन रात्रींबद्दल वेगळा धागा काढा, वाचेन. नळावर मात्र ठाम आहे.)

---

शंतनु७

मास्तरांनी मध्ये पडून धाग्याची मजा घालवली.

तरी माझा प्रश्न तसाच आहे. केंद्राने सगळं यूट्यूबवरच टाकावं, चॅनल सोडून द्यावं. सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांची, मीटिंग फोनवर बघता येते. मग केबलवरच्या चॅनलच्या नंबरावर अडून का बसायचं?

---

रेवती_मा

टाकतातच रे, सगळं यूट्यूबवर टाकतात. पण मीटिंगमध्ये कॅमेरा घेऊन रात्री साडेअकरापर्यंत बसतं कोण? मी बसलेय. सांडपाण्याच्या दरावर तीन तास. प्रेक्षकांत एक माणूस आणि त्याचं कुत्रं. तुझं यूट्यूब येऊन माइक लावणार आहे का? मागच्या वर्षी आमच्या केंद्राने एक पगारी जागा कमी केली, केबलची गिऱ्हाइकं घटली म्हणून. आता शाळा समितीच्या मीटिंगला एकच कॅमेरा असतो, तोही बोलणाऱ्याच्या पाठीवर.

---

शंतनु७

पाठीवर कॅमेरा, हे मी पाहिलंय. शाळेच्या बसचे मार्ग बदलले तेव्हा. पंचेचाळीस मिनिटं एका स्वेटरकडे बघत होतो आणि बस नेमकी कुठून जाणार तो नकाशा शेवटपर्यंत दिसला नाही.

---

मिलिंद_प

म्हणजे बघितलंस.

---

शंतनु७

बसचं होतं म्हणून. झोनिंग बघत नाही.

बरं. तीस डॉलर भरतो, माझे वैयक्तिक. मंडळाचे पैसे यात घालायला अजूनही विरोध. खजिनदार मी आहे आणि हॉलच्या भाड्याचे आपण अजून दोनशे देणं लागतो. वार्षिक सभेला येईन, बारावा म्हणून. उमेदवारी कोणी गळ्यात मारली तर उठून जाईन. पहिला ठराव सांगून ठेवतो: नाटकं पहाटे अडीचला लावायची नाहीत.

---

रेवती_मा

येताना माळ्यावर बघ. २०१६ च्या सामानात ती ट्रायपॉडची पट्टी असणार.

---

अण्णा_सांगलीकर

डेकवालीचं काय झालं ते सांगा की राव.